यंदा न्यायला कोण येणार

“हृदय ठणठणीत आहे तुमचं. आजार दुसरा आहे,” डॉक्टर म्हणाले. “याला डिप्रेशन म्हणतात. आणि छातीत होतं तो पॅनिक अटॅक.”

मी पर्समधून चष्मा काढला आणि लावला. वाचायला समोर काहीच नव्हतं. तेवीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क म्हणून काढल्यावर सवयच लागते, कुणी काही महत्त्वाचं बोललं की चष्मा लावायचा. शेजारी बसलेल्या यजमानांनी विचारलं, “म्हणजे ब्लॉकेज वगैरे काही नाही ना?” डॉक्टर नाही म्हणाले. यजमान इतके खूश झाले की मला त्यांचा रागच आला.

डिप्रेशन म्हणजे नैराश्य, असं सगळे सांगतात आणि डोळ्यांपुढे खिडकीत बसून राहिलेली बाई येते. मी कुठली बसते! मी वेळेवर ऑफिसला जात होते, घरी येऊन पोळ्या करत होते, दाखल्यासाठी आलेल्या पोरांना नेहमीसारखी ओरडत होते. फक्त कशाचीच चव लागत नव्हती. टीव्हीवर विनोद झाला की मी इतरांकडे बघून, थोड्या उशिराने हसायचे. आणि रस्त्यावर एखाद्या मोटारसायकलचा हॉर्न वाजला की छाती आवळून यायची, हातपाय गार पडायचे, आता आपण जातो असं वाटायचं. पॅनिक अटॅक म्हणतात तो हाच. धोका समोर नसतो, पण शरीर तो आहे असंच धरून चालतं.

त्याआधी सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. ईसीजी म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, शिवाय थायरॉइड आणि बी-ट्वेल्व्ह. प्रत्येक रिपोर्ट नॉर्मल आला की मी मनात खट्टू व्हायचे. रिपोर्ट वाईट आला तर निदान सांगायला काहीतरी मिळेल, असं वाटायचं. तुमच्यापैकी कुणाला असं वाटलं असेल तर लाजू नका, मला वाटलेलं आहे.

डॉक्टरांनी विचारलं होतं, “घरात अलीकडे कुणी गेलंय का?” मी म्हटलं, घरात नाही, माहेरी. माझा थोरला भाऊ नाना.

नाना सायखेड्याला शेती करायचा. माघात एका सकाळी द्राक्षबागेतून आला, ओट्याच्या पायरीवर टेकला, वहिनीकडे पाणी मागितलं. वहिनी तांब्या घेऊन बाहेर आली तोवर तो गेला होता. हृदयविकाराचा झटका. माझं लग्न झाल्यापासून एकही भाऊबीज चुकली नव्हती. सकाळी नऊच्या सुमारास नाशिकरोडच्या आमच्या घरापुढे नानाची मोटारसायकल थांबायची आणि हॉर्न दोनदा वाजायचा. सासरी असलेल्या लेकीला माहेरचं माणूस न्यायला येतं, त्याला आमच्याकडे मूळ येणं म्हणतात. आता प्रत्येकीकडे गाडी आहे, बस आहे, फोन आहे. तरी न्यायला आल्याशिवाय मी कधी सायखेड्याला गेले नाही. मला तसं जायचंच नसायचं. संध्याकाळी ओवाळून झालं की नाना विचारायचा, “बोल, ओवाळणी काय देऊ?” मी म्हणायचे, “पुढच्या वर्षी न्यायला ये.” तो म्हणायचा, “येईन की.” साडी आधीच आणून ठेवलेली असायची, पण हे बोलणं झाल्याशिवाय तो ती काढत नसे.

तेराव्यानंतर मी सायखेड्याला गेले नाही. वहिनीचे दोन फोन आले, ते मी उचलले नाहीत. मग फोन यायचे थांबले.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सोबत सायकोथेरपी सांगितली. सायकोथेरपी म्हणजे बोलून उपचार. ते ऐकून मला हसू आलं. बोलून बरं वाटलं असतं तर आमच्या कॉलनीत कुणी आजारीच पडलं नसतं.

घरी सासूबाईंना आम्ही सांगितलं, बीपी आहे. हे यजमानांनीच ठरवलं. “आईला मनाचा डॉक्टर म्हटलं की ती वेगळंच समजेल,” ते म्हणाले, आणि मीही मान डोलावली. बीपी हा कसा घरंदाज आजार आहे. चारचौघांत सांगता येतो.

दर गुरुवारी मी ऑफिसातून लवकर निघायचे. नाशिकरोडहून सिटी बस, पुढे रिक्षा, गंगापूर रोडला दुसऱ्या मजल्यावर मॅडमचं क्लिनिक. मॅडम माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, सुती ड्रेस, केस वर बांधलेले. खोलीत दोन खुर्च्या, एक टीपॉय, पाण्याची बाटली. पहिल्या तीन वेळा मी त्यांना ऑफिसातल्या लोकांच्या तक्रारी सांगितल्या. चौथ्या वेळी त्यांनी विचारलं, “नाना कसे होते?” मी तोंड उघडलं आणि बराच वेळ आवाजच फुटला नाही. मॅडम काहीच बोलल्या नाहीत. घड्याळाकडेही बघितलं नाही. मग मी रडले. गेल्या पाच महिन्यांत पहिल्यांदा.

समोरासमोर बसण्यात काय असतं, हे मला त्या दिवशी कळलं. दोन माणसं एका खोलीत गप्प बसली तरी काहीतरी चाललेलं असतं. बाहेर आल्यावर बससाठी थांबावं लागतं, वाऱ्यावर डोळे सुकतात, घरी पोहोचेपर्यंत चेहरा जागेवर येतो. हळूहळू मी बुधवारपासूनच वाट बघायला लागले. तिथे पोहोचलं की कुणीतरी पाणी पुढे करायचं आणि कशा आहात विचारायचं. खरं सांगते, ती खोली माझं माहेर होऊन बसली होती.

दसरा झाला आणि मॅडम म्हणाल्या, “दिवाळीत क्लिनिक पंधरा दिवस बंद आहे. मी आईकडे जातेय. तुम्हाला हवं असेल तर मधले सेशन ऑनलाइन घेऊ, मोबाइलवर. नको असेल तर मी परत आल्यावर भेटू. विचार करून सांगा.”

मॅडम माहेरी निघाल्या होत्या. न्यायला कोण येणार, असं अगदी माझ्या तोंडापर्यंत आलं होतं.

विचार करायला मी आठ दिवस घेतले. ऑनलाइन म्हणजे आमच्या घरातून. दोन खोल्या, एक हॉल, सासूबाईंचे कान तिखट. दिवाळीत तर घराचं दार चाळीस वेळा उघडतं आणि बंद होतं. न घ्यावं, तर मध्ये भाऊबीज. त्या दिवशी नणंद येणार, यजमानांना ओवाळणार, आणि मी ताटातलं निरांजन लावून देणार. नानाशिवायची पहिली भाऊबीज. त्या दिवशी मला काय होईल याची मलाच भीती वाटत होती. गोळ्यांनी अटॅक कमी झाले होते, पण बंद झाले नव्हते. यजमान म्हणाले, “समोर बसून बोलणं वेगळं. फोनवर काय, सगळेच बोलतात.” मला ते पटत होतं. तरी मी मॅडमना मेसेज केला, ऑनलाइन चालेल. पंधरा दिवस कुणीच विचारणार नाही, ही कल्पना सहन झाली नाही.

पहिलं सेशन वसुबारसेला दुपारी. मी बेडरूमचं दार लोटून पलंगावर बसले, मोबाइल उशीला टेकवला. स्वयंपाकघरात चकल्या तळायचा आवाज आणि वास. मॅडम पडद्यावर बोटभर दिसत होत्या. त्यांनी विचारलं, “कशा आहात?” मी कुजबुजत म्हटलं, “छान.” त्यांनी विचारलं, “दिवाळीचं काय चाललंय मनात?” मी म्हटलं, “तयारी.” मी जरा गप्प बसले की त्या म्हणायच्या, “आवाज येतोय ना?” क्लिनिकमधली ती शांतता इथे नेटवर्क गेल्यासारखी वाटायची. वीस मिनिटं मी एका परक्या बाईशी बोलल्यासारखी बोलले.

मग दार ढकलून सासूबाई आत आल्या, हातात वाटी. “हा तुझा चिवडा, बिनमिठाचा. वेगळा काढलाय,” म्हणाल्या, आणि त्यांना मोबाइल दिसला. “या कोण?”

“माझ्या डॉक्टर,” मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

सासूबाई पदर सावरून थेट मोबाइलसमोर बसल्या. “नमस्कार बाई. बरं झालं भेटलात. चार महिने झाले, हिला मी चिमूटभरही मीठ दिलेलं नाही. तरी हिच्या तोंडावर काही तेज येत नाही. बीपी किती राहतं हो हिचं? मीठ अजून कमी करायचं का?”

मी मॅडमकडे बघत होते. त्या हो म्हणाल्या असत्या तर सुटले असते. त्यांनी हात जोडले आणि शांतपणे म्हणाल्या, “आजी, हे तुम्ही यांनाच विचारा. त्या तुम्हाला बरोबर सांगतील.”

फोन ठेवल्यावर सासूबाई हलल्या नाहीत. एक्क्याऐंशी वर्षांची बाई, चार महिने माझी भाजी वेगळी काढत होती. मला स्वतःची लाज वाटली. मी सांगितलं. बीपी नाही. मनाचा आजार आहे. नाना गेल्यापासून. गोळ्या चालू आहेत, आणि या बाई बोलून बरं करतात.

सासूबाईंनी चिवड्याची वाटी खाली ठेवली. “म्हणजे चार महिने मी तुला उगाच अळणी घातलं?” त्या म्हणाल्या.

“हो.”

“आणि तू गिळलंस?”

“चव लागत नव्हती, आई. काही फरकच पडत नव्हता.”

यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, ते मी दुसऱ्यांदा पाहिलं. उठून स्वयंपाकघरात गेल्या, सगळ्यांच्या डब्यातला चिवडा वाटीत घालून आणला आणि विचारलं, “सायखेड्याला फराळ कोण नेतंय? पहिली दिवाळी आहे त्यांची. त्यांच्या घरी यंदा कढई चढायची नाही. आपण न्यायचा असतो. तू कधी जाणार?”

मी म्हटलं, “बघू.”

क्लिनिकमध्ये हे कधीच झालं नसतं. तिथे दार बंद असतं. बंद दाराआड मी खरं बोलत होते आणि त्याच दाराच्या जोरावर घरी खोटं बोलत होते. मोबाइल घरात आला आणि माझं खोटं उघडं पडलं. हे लिहिताना आता हसू येतं.

दुसरं सेशन पाडव्याला सकाळी दहाला. या वेळी यजमानांनी गाडीची किल्ली हातात दिली. “गल्लीच्या टोकाला लावलीय, वडाखाली. काचा वर कर,” म्हणाले. फोनवर काय सगळेच बोलतात म्हणणारा हा माणूस, पुढचा तासभर गाडीपासून वीस पावलांवर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला शुभेच्छा देत होता.

गाडीत मी मोबाइल स्टिअरिंगला टेकवला. मॅडमनी विचारलं, “उद्या सायखेड्याला जावंसं वाटतंय?”

“खूप वाटतंय,” मी म्हटलं. आणि ते बोलल्याबरोबर सगळं डोळ्यांपुढे आलं. ओटा, गोदावरीकडे उतरणारी वाट, बागेतल्या तारेवर वाळणारी नानाची टोपी, वहिनीच्या हातची शेंगदाण्याची चटणी. आठ महिने मी यातलं काहीही मनात येऊ दिलं नव्हतं.

“मग अडतंय कुठे?”

मी गप्प बसले. मॅडमही गप्प बसल्या. मला बरं वाटलं, क्लिनिकसारखं वाटलं. मी समोर बघून बोलायला लागले. काय काय बोलले! की न्यायला कुणी आलंच नाही तर जाऊ कशी. की मी रोज हॉर्नची वाट बघते. ऑफिसात, बसमध्ये, सगळीकडे. की मी नानावर रुसलेय. मेलेल्या माणसावर रुसलेय, तो न्यायला येत नाही म्हणून. आणि वहिनीवरही, की नानाच्या माघारी तिला मूळ धाडायचं सुचू नये.

बोलून झालं, मी डोळे पुसले आणि पडद्याकडे बघितलं. मॅडम अर्धवट उघड्या तोंडाने तशाच्या तशा थिजलेल्या होत्या. कोपऱ्यात ते गोल चक्र फिरत होतं. कधी गेलं होतं नेटवर्क, देव जाणे.

थोड्या वेळाने चित्र हललं. “सुलभाताई? येतोय का आवाज? ‘अडतंय कुठे’च्या पुढचं मला काहीच ऐकू आलं नाही. माफ करा. परत सांगाल?”

मला हसू फुटलं, मग राग आला. असली गोष्ट माणूस जन्मात एकदा बोलतो. फोन बंद करून टाकावा असं वाटलं. समोर असत्या तर त्यांनी पाणी पुढे केलं असतं, मी रडले असते, आणि गोष्ट तिथेच मिटली असती. पण त्या वाट बघत होत्या. मी पुन्हा सांगितलं. या वेळी रडू नव्हतं, त्यामुळे मलाही ते नीट ऐकू आलं. पहिल्यांदा सगळं लांबलचक होतं, दुसऱ्यांदा दोनच वाक्यांत संपलं. “नाना न्यायला येत नाही म्हणून मी रुसून बसलेय. आणि वहिनीने यावं अशी वाट बघतेय.”

मॅडमनी विचारलं, “हे वहिनींना माहीत आहे का?”

गाडीतच बसून मी वहिनीला फोन लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला. मी हॅलो म्हणायच्या आत ती म्हणाली, “ताई, चुकून लागला का?”

“नाही वहिनी. मुद्दाम लावला.” आणि मग तेच दोन वाक्यांत, तिसऱ्यांदा सांगितलं.

पलीकडे काहीच आवाज येईना. या वेळी नेटवर्क गेलेलं नव्हतं, वहिनी रडत होती. “अवो ताई,” ती म्हणाली, “मला वाटलं, हे गेले तसं तुमचंबी आमच्याशी नातं संपलं. दोन फोन केले, तुम्ही नाय उचलले. मंग म्या म्हटलं, कशाला तरास द्या. न्यायला यायचं लय मनात आलं. पण मूळ घेऊन बाप्या माणूस जातो, मी अशी कशी येऊ? घरात दुसरं कोण हाय?”

म्हणजे आठ महिने ती तिकडे आणि मी इकडे. मी म्हणत होते, न्यायला कुणी येत नाही. ती म्हणत होती, न्यायला जायला कुणी नाही. तीस किलोमीटरवर दोघी बसलो होतो.

भाऊबीजेला सकाळी मी नणंदेसाठी ताट तयार करत होते. नऊ वाजून गेले. हॉर्न वाजला नाही. फाटकाची कडी वाजली. वहिनी एसटीने आली होती, एकटी, पांढऱ्या रंगाची सुती साडी, हातात कापडी पिशवी. दारात उभी राहून म्हणाली, “आलेय बाई. न्यायला.” मी तिला मिठी मारली ती बराच वेळ सोडलीच नाही. सासूबाईंनी तिला पाट दिला, चहा दिला, फराळाचे चार डबे बांधून दिले. वहिनीने हळूच विचारलं, “आत्याबाई, आमचं वरीस सरलं नाय. तिन्हीसांजेला ताईंनी चंद्राला ओवाळलं तर चालंल का?” भाऊ नसलेल्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. सासूबाई म्हणाल्या, “चंद्राला कसलं आलंय सुतक? ओवाळ ग बाई.”

तुम्ही यातून जात असाल तर विचाराल, मग कोणतं बरं, समोर बसून की मोबाइलवर? सुरुवात तरी समोर बसून करा, एवढंच मी सांगेन. गप्प बसायला जागा लागते आणि ती मोबाइलवर मिळत नाही. पण सणावाराला क्लिनिक बंद असेल, गाव लांब असेल, तर मोबाइलवरचा उपचार खोटा समजू नका. बोलायला आडोसा मात्र शोधा, गाडी, गच्ची, मैत्रिणीचं घर, काहीही. जीवच नकोसा वाटायला लागला तर कशाचीच वाट बघू नका. घरातल्या कुणाला तरी सांगा आणि सरळ दवाखाना गाठा. माझ्या गोळ्या अजून चालू आहेत. गुरुवारची बसही चालू आहे, आता महिन्यातून दोनदा. आणि हॉर्न वाजला की अजूनही माझं लक्ष फाटकाकडे जातं. ते जाणारच, मॅडम म्हणतात.

त्या संध्याकाळी सायखेड्याला बागेच्या वर बीजेची कोर दिसली, नखाएवढी. ती फार वेळ राहत नाही, म्हणून आम्ही घाई केली. मी ओट्यावर ताट घेऊन उभी राहिले, नदीवरून वारा येत होता. वहिनी ज्योतीला हाताचा आडोसा धरून शेजारी उभी होती. ओवाळून झालं. अक्षता टाकल्या. आणि सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, “पुढच्या वर्षी न्यायला ये.”

मी थबकले.

“येईन की,” वहिनी म्हणाली.